गोमंतकाची खाजने

मांडवी आणि झुवारी या नद्यांच्या मुखाकडील गावांतून जाणाऱ्या प्रवाशाला एक विलक्षण दृश्य आढळते. बांधाच्या एका अंगाला भरतीचे खारे पाणी चढलेले असते आणि दुसऱ्या अंगाला, त्या पाण्याच्या पातळीहूनही खाली, भाताची शेते पसरलेली असतात. या भूमीला गोमंतकात खाजन म्हणतात. अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन खाडीच्या दलदलीतून माणसाने काढलेली आहे.

हा उद्योग फार जुना आहे. कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्म्याचा बांदोड्याचा ताम्रपट सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्यात 'खज्जन' हा शब्द आलेला असून, खाऱ्या पाण्याला बांध घालून जमीन लागवडीस आणण्याचा उल्लेख आहे. पुढे पोर्तुगीज अमलात, १५२६ साली, आफोंसो मेशिया याने गावकऱ्यांच्या रूढी लिहून काढल्या. ओसाड पडलेली भूमी पिकविण्यासाठी चार माणसे आली व त्यांच्यापासून गाव वाढला, अशी परंपरा त्या लेखात नोंदलेली आहे. गावकरी ही संस्था कशाभोवती उभी राहिली असेल, याची कल्पना त्यावरून येते. एकट्या कुटुंबाला समुद्र अडविता येत नाही.

बांध चिखलमातीचा, जेथे लाटांचा मारा अधिक तेथे जांभ्या दगडाचे अस्तर. बाहेरच्या अंगाला तिवरांची व कांदळांची झाडी राखलेली असे, कारण तिची मुळे गाळ धरून ठेवतात आणि लाटेचा जोर बांधापर्यंत पोहोचू देत नाहीत. परंतु सर्व रचनेचे मर्म मानशीत आहे. मानस म्हणजे बांधातील लाकडी दारांची मोरी. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते; ओहोटी लागली की आतील पाण्याच्या रेट्याने ते उघडते व पावसाचे साचलेले पाणी निघून जाते. पावसाळ्यात जमिनीतील मीठ धुऊन गेले की कोरगुटासारखे खारटपणा सोसणारे भात पेरावयाचे. कापणी झाल्यावर काही ठिकाणी मिठागरे चालत, तर मानशीपाशी सुंगटे, शेवटे व खेकडे धरले जात. या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होई आणि त्याच्या उत्पन्नातून बांधाच्या डागडुजीस हातभार लागे. मासा बांधाला पोसत असे, असे म्हटले तरी चालेल.

१९६१ साली गोवा मुक्त झाला आणि १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले. खंड उत्पन्नाच्या एक-षष्ठांशावर आला. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांना हा न्यायच होता, आणि त्याबद्दल कोणी खेद करण्याचे कारण नाही. मात्र जमीन कसणाराच्या हाती आली तेव्हा बांधाची देखरेख कोणाची, हा प्रश्न उघडा पडला. जुन्या कोमुनिदादीचे उत्पन्न व अधिकार दोन्ही आटले. कुळांच्या संघांवर सामाईक जबाबदारी टाकण्यात आली व त्यासाठी १९७५ साली नियमही झाले. पण अनेक गावांत संघाला भातापेक्षा मानशीचा लिलाव अधिक लाभाचा वाटू लागला. लिलाव घेणाऱ्याला हवे असते मासे, आणि मासे येतात भरतीच्या पाण्याबरोबर. म्हणून जी दारे भरतीला मिटावयाची ती उघडी राहू लागली. खारे पाणी शेतात शिरले, पीक गेले, आणि पीक गेल्यावर बांधाकडे जाणारी पावलेही थांबली. नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटांनी उरलेसुरले काम केले.

बांध फुटलेल्या शेतात पहिल्याने पाणी, मागाहून तिवर. येथे पुनरुज्जीवनाचा पेच सुरू होतो. एकेकाळी जळणासाठी बेसुमार तोडलेली खारफुटी पुन्हा वाढावी म्हणून वनखात्याने लागवड केली. चोडण बेटाच्या टोकाला १७८ हेक्टरांची खारफुटी १९८८ साली सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणून राखण्यात आली. हे कार्य मोलाचे आहे. मत्स्यबीजाला आसरा मिळाला, पक्षी आले, किनाऱ्याची धूप थोपली. पण खाजनाचा शेतकरी जेव्हा फुटलेला बांध पुन्हा बांधू म्हणतो, तेव्हा आत वाढलेल्या त्याच झाडांना कायद्याचे संरक्षण असते. किनारपट्टी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेने गोव्यापुरती खास तरतूद करून खाजने राखण्याचे आणि तेथील खारफुटीचेही रक्षण करण्याचे बंधन घातले. खाजनाची व्यवस्थापन योजना करण्यास सांगितले. दोन्ही गोष्टी एकाच भूमीवर कशा राखावयाच्या, हे मात्र ज्या त्या गावाच्या बांधावरच ठरावयाचे असते.

जुन्या गावकऱ्यांपुढे हा झगडा नव्हता. त्यांच्या व्यवस्थेत तिवराची जागा बांधाबाहेर होती आणि भाताची आत. आज जेथे बांध दुरुस्त होऊन शेत पुन्हा पिकते, तेथेही पहिला एक-दोन पावसाळा केवळ मीठ धुण्यात जातो. आणि त्या अवधीत रोज दोन्ही भरत्यांच्या वेळी मानशीचे दार नीट मिटले की नाही, हे पाहणारा माणूस गावाला नेमावा लागतो.