नगरच्या किल्ल्यातले पहाटेचे चार आणि डेटाबेसचं सेशन सेटिंग



जुन्या कागदांतल्या नोंदी एसक्यूएल डेटाबेसमध्ये भरायच्या म्हटलं की आपण टेबल कसं असावं, कॉलम किती असावेत याचा विचार करतो. सेशनची सेटिंग्ज काय आहेत हे मात्र सहसा कुणी बघत नाही. त्यामुळे इतिहासच कसा बदलू शकतो, ते आज आपल्याच जिल्ह्यातल्या एका घटनेवरून समजून घेऊया. डेटाबेस म्हणून मी इथे पोस्टग्रेस धरलाय.

आधी सेशन म्हणजे काय ते बघू. तुम्ही सर्व्हरला जोडले जाता तिथपासून कनेक्शन तुटेपर्यंतचा काळ म्हणजे एक सेशन. एसटीचा ड्रायव्हर बदलला की नवा ड्रायव्हर आरसा आपल्या उंचीप्रमाणे फिरवून घेतो. गाडी तीच असते, फक्त त्याच्यापुरती सोय बदलते. तसंच 'सेट' या कमांडने केलेला बदल तुमच्या सेशनपुरताच असतो. 'शो'ने चालू सेटिंग दिसतं आणि 'रीसेट'ने ते मूळ जागी येतं. 'सेट लोकल' वापरलं तर बदल त्या एका ट्रान्झॅक्शनपुरताच राहतो. कनेक्शन तुटलं की सगळं विसरलं जातं.

आता १९४२ सालात जाऊया. ८ ऑगस्टच्या रात्री मुंबईत गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव मंजूर झाला. ९ ऑगस्टच्या पहाटे धरपकड झाली. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशा काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना रेल्वेने नगरला आणून किल्ल्यात ठेवलं.

समजा, या दोन नोंदी तुम्ही आपल्या सवयीने ८/८/१९४२ आणि ९/८/१९४२ अशा भरल्या. 'डेटस्टाइल' सेटिंग 'दिवस-महिना-वर्ष' असेल तर काहीच अडचण नाही. पण ते अमेरिकन पद्धतीचं 'महिना-दिवस-वर्ष' असेल, तर पहिली तारीख ८ ऑगस्टच राहते आणि दुसरी ८ सप्टेंबर होते! म्हणजे तुमचा डेटा सांगणार की ठराव झाल्यावर सरकार महिनाभर गप्प बसलं. प्रत्यक्षात काही तासांतच धरपकड झाली होती. गंमत म्हणजे १३/८/१९४२ लिहिलं असतं तर डेटाबेसने लगेच एरर दिली असती, कारण तेरावा महिना नसतो. १ ते १२ तारखांच्या नोंदी मात्र चुपचाप आत जातात. म्हणून एरर आली नाही याचा अर्थ डेटा बरोबर आहे असा काढू नका.

दुसरं सेटिंग टाइमझोनचं. इथे खरी मजा आहे. युद्धकाळात १ सप्टेंबर १९४२ पासून भारतातली घड्याळं एक तास पुढे केली गेली आणि १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत ती तशीच राहिली. म्हणजे ग्रीनिचपेक्षा साडेपाचऐवजी साडेसहा तास पुढे. हे नेते साधारण मार्च १९४५ पर्यंत किल्ल्यात होते. पहिले तीन आठवडे सोडले तर त्यांचा नगरमधला सगळा काळ या पुढे केलेल्या वेळेतच गेला.

मौलाना आझादांनी किल्ल्यात लिहिलेली पत्रं 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध आहेत. पहाटे उठून स्वतः चहा करून लिहायला बसण्याचे उल्लेख त्यांत वारंवार येतात. समजा, अशी एक नोंद आपण १० ऑक्टोबर १९४२, पहाटे ४ अशी भरली. सेशनचा टाइमझोन 'आशिया/कोलकाता' असेल, तर डेटाबेसला युद्धकाळातला बदल माहीत असतो. तो आदल्या दिवशीचे २१:३० यूटीसी साठवतो. तुम्ही नुसता 'अधिक ५:३०' फरक लिहिलात तर २२:३० साठवले जातात. इथेच एक तास हुकला.

एका तासाने काय बिघडतं? नगरचं रेखांश सुमारे ७४.७ अंश पूर्व. त्या हिशोबाने सूर्याची सरासरी स्थानिक वेळ ग्रीनिचपेक्षा जवळपास ४ तास ५९ मिनिटं पुढे येते. म्हणजे घड्याळातले ते पहाटेचे चार, सूर्याच्या हिशोबाने रात्रीचे अडीच! झोप, उजेड, थंडी यांच्याशी संबंधित काहीही मोजायचं असेल तर हा फरक सोडून चालत नाही. दिल्ली-लंडन तारांचा क्रम लावताना तर आणखी सांभाळावं लागतं, कारण नेमक्या ९ ऑगस्ट १९४२ लाच ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे घेतली होती.

मग 'आशिया/कोलकाता' लिहिलं की काम झालं का? नाही. १८७० ते १९०५ या काळासाठी त्या झोनमध्ये मद्रासची वेळ आहे, म्हणजे ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. रेल्वेही याच वेळेने चालायची. पण गावातली नोंद सूर्य बघून केलेली असेल, तर नगरपुरता सुमारे २२ मिनिटांचा फरक पडणार. तो डेटाबेस नाही सांगणार, तो तुम्हालाच शोधायचाय. आणि नुसतं 'आयएसटी' लिहायचं टाळा. पोस्टग्रेसच्या डीफॉल्ट यादीत त्याचा अर्थ इस्रायलची वेळ असा आहे!

आता एवढं पक्कं करा:

१. प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला डेटस्टाइल आणि टाइमझोन स्वतः सेट करा. दुसऱ्या मशीनवर डीफॉल्ट वेगळं असू शकतं.

२. तारीख १९४२-०८-०९ अशी, वर्ष आधी ठेवून लिहा. तिचा दुसरा अर्थ निघत नाही.

३. कागदावर जसं लिहिलंय तसं एका वेगळ्या टेक्स्ट कॉलममध्ये जपून ठेवा. 'टाइमझोनसह' प्रकारचा कॉलम फक्त यूटीसी क्षण साठवतो, मूळ झोन साठवत नाही.

४. नोंद करणाऱ्यासमोर कोणतं घड्याळ होतं, हा प्रश्न प्रत्येक साधनाला विचारा आणि उत्तर टेबलातच लिहा.

प्रयोगशाळेत आपण तापमान, दाब लिहिल्याशिवाय रीडिंग देत नाही. सेशन सेटिंगही तसंच आहे. ते लिहिलेलं नसेल तर तुमचे 'पहाटेचे चार' नेमके कुठले, हे दुसऱ्या संशोधकाला कधीच कळणार नाही.