कुऱ्हाडीने राखलेले रान



मी पंडित नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. करारांची कलमे वाचता वाचता इतिहासाची गोडी लागली. त्यामुळे इतिहासही मी कराराप्रमाणेच वाचतो : कोणी काय दिले, कोणी काय घेतले आणि सही करताना कोण हजर नव्हते. आज अशाच एका कराराची गोष्ट आपल्यापुढे ठेवतो. ती लंडनच्या ईशान्येला असलेल्या एपिंगच्या रानाची आहे.

हे रान मूळचे राजाच्या शिकारीचे. हरणावर हक्क राजाचा, जमिनीवर हक्क तेथल्या जमीनदारांचा. पण चराईचा आणि सरपणाचा हक्क आसपासच्या रयतेचा. एकाच जमिनीवर असे तीन हक्क शतकानुशतके नांदत होते. लाउटन गावच्या लोकांना तर थंडीच्या दिवसांत, नोव्हेंबरच्या मध्यापासून २३ एप्रिलपर्यंत, झाडांच्या फांद्या छाटून नेण्याचा हक्क होता. फांदी तोडायची ती गुरांचे तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर. बुंधा तसाच राही आणि वर नवे धुमारे फुटत. आपल्या कोकणातला शेतकरी राबासाठी ऐन-किंजळाचा कवळ तोडतो, त्याचाच हा विलायती भाऊ समजा.

एकोणिसाव्या शतकात लंडन वाढले, आगगाडी आली, जमिनीला भाव आला. शेजारच्या हेनॉल्टच्या रानावरचा राजाचा हक्क १८५१ साली कायद्याने काढून घेण्यात आला आणि थोड्याच काळात हजारो झाडे मुळासकट उपटून तेथे शेते झाली. मग एपिंगचे जमीनदारही कुंपणे घालू लागले. लाउटनचा जमीनदार तर गावचा धर्मगुरूही होता. म्हणजे इहलोक आणि परलोक दोन्ही त्याच्याच हाती! त्याने १८६० नंतरच्या काळात गावचे रान कोंडले.

टॉमस विलिंगेल नावाचा एक वृद्ध मजूर मात्र कुऱ्हाड घेऊन नेहमीप्रमाणे रानात जात राहिला. १८६६ साली त्याच्या घरच्या माणसांवर खटला झाला. दंड भरण्याचे नाकारल्यामुळे ते तुरुंगात गेले. ही बातमी लंडनला पोचली. तेथे १८६५ साली सार्वजनिक मोकळ्या जमिनींच्या रक्षणासाठी एक संस्था निघाली होती. जॉन स्टुअर्ट मिलसारखे विचारवंत तिच्यात होते. तिने विलिंगेलला वकील दिला, पैसा दिला आणि दावा उभा केला. पण १८७० साली विलिंगेल वारला आणि दावाही त्याच्याबरोबर संपला. संप करणाऱ्या पुढाऱ्याच्या मृत्यूबरोबर संप मोडावा, तशातली ही गत.

पण मोडला नाही. दोन गोष्टी घडल्या. पहिली रस्त्यावरची. ८ जुलै १८७१ रोजी रानाच्या दक्षिण टोकाच्या वॉन्स्टेड माळावर पूर्व लंडनमधल्या लोकांची प्रचंड सभा झाली. पुढाऱ्यांनी शांततेचे आवाहन केले होते. तरी संध्याकाळी लोकांनी कुंपणे मोडून टाकली. दुसरी गोष्ट कोर्टातली. लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने दफनभूमीसाठी रानालगत जमीन घेतली होती. त्या जमिनीबरोबर चराईचा हक्कही तिच्याकडे आला होता. म्हणजे एवढी श्रीमंत कॉर्पोरेशन कोर्टापुढे उभी राहिली ती गुरे चारणाऱ्या रयतेच्या नात्याने!

तिच्या दाव्यातला मुद्दा साधा होता. गुराला गावाची शीव कळत नाही. ते आजवर साऱ्या रानभर चरत आले, म्हणून प्रत्येक हक्कदाराचा हक्क साऱ्या रानावर आहे. आपल्या हद्दीपुरतेसुद्धा रान कोंडण्याचा अधिकार एकाही जमीनदाराला नाही. १८७४ साली न्यायमूर्ती सर जॉर्ज जेसेल यांनी हे मान्य केले आणि मागच्या वीस वर्षांतली कुंपणे बेकायदा ठरविली. १८७८ साली कायदा झाला. रान कायमचे मोकळे ठेवावे, त्यात बांधकाम होऊ देऊ नये, लोकांना तेथे विसावा मिळावा आणि रानाचे नैसर्गिक रूप शक्यतो जपावे, ही जबाबदारी कॉर्पोरेशनवर आली. कारभाराच्या समितीत चराईचे हक्कदार निवडून देतील असे चार प्रतिनिधी घेतले; ती प्रथा आजही चालू आहे. ६ मे १८८२ रोजी व्हिक्टोरिया राणीने येऊन ते रान लोकांना अर्पण केले.

आता कराराची दुसरी बाजू पाहा. त्याच कायद्याने लाउटनकरांचा फांद्या छाटण्याचा हक्क संपविला. सुमारे ७ हजार पौंड भरपाई मिळाली आणि तिच्यातून १८८४ साली गावात ‘लॉपिंग हॉल’ नावाचे सभागृह उभे राहिले. एकरकमी पैसे देऊन हक्क विकत घेतला गेला. स्वेच्छानिवृत्तीचे कागद हातात घेऊन बसलेली माणसे मी पाहिली आहेत. या कलमाशी मी थबकलो त्याचे कारण तेच. ज्या कुऱ्हाडीने रान वाचविले, तिलाच रानातून निवृत्त केले.

याचा परिणाम सावकाश दिसला. छाटणी थांबताच जुन्या बुंध्यांवरच्या फांद्या खांबासारख्या जाड झाल्या, वर पानांचे छत मिटले, खाली ऊन पोचेना. उन्हात वाढणारी फुले आणि गवते मागे हटली. काय तोडावे, काय राखावे यावर वाद पेटले. याच परिसरात जन्मलेले कवी आणि समाजवादी विल्यम मॉरिस यांनी १८९५ साली तेथील झाडतोडीविरुद्ध वर्तमानपत्रात जाहीर टीका केली. पुढे चराईही कमी झाली आणि मोकळ्या माळांवर झुडपे माजली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संरक्षकांनी निवडक झाडांची छाटणी पुन्हा सुरू केली, आणि आज लांब शिंगांची गुरे तेथे मुद्दाम चारली जातात. पूर्वी जे काम गरीब लोक आपल्या गरजेपोटी करीत, ते आता पगार देऊन करवून घ्यावे लागते.

मोकळ्या जमिनीपुढचा सर्वांत अवघड प्रश्न मात्र १९४६ साली उभा राहिला. बाँबहल्ल्यांत घरे गमावलेल्या कामगारांसाठी वॉन्स्टेड माळावर घरे बांधण्याची योजना निघाली. एका बाजूला बेघर कामगार, दुसऱ्या बाजूला कामगारांच्याच मुलांचे मैदान! चौकशी झाली आणि १९४७ साली योजना नामंजूर झाली. मी तेथे असतो तर कोणत्या बाजूला बसलो असतो, हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण एवढे सांगतो की, घरांसाठी दुसरी जागा शोधता येते. गेलेला माळ पुन्हा शोधून सापडत नाही.

आता आपल्याकडे वळू. १८७८ साल पुन्हा आठवा. विलायतेत रान लोकांना देणारा कायदा झाला, त्याच साली, त्याच राणीच्या राज्यात, हिंदुस्थानात जंगल कायदा झाला. त्याने सरकारला जंगले राखीव करण्याचे व्यापक अधिकार दिले आणि रयतेचा पिढीजात हक्क पुष्कळ ठिकाणी मेहेरबानीच्या पातळीवर आणला. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गुरांची चराऊ राने जंगलखात्याच्या घशात गेल्याची कैफियत मांडली आहे. राणी एकच, साल एकच, आणि न्याय दोन! हक्काची फेड व्हायला २००६ सालचा वनहक्क कायदा यावा लागला. त्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे गाव वापरतेही आणि राखतेही.

मला यातून एकच धडा दिसतो. सार्वजनिक जमीन नुसत्या कौतुकाने टिकत नाही. तिच्यावर कायद्याने ज्याचा हक्क आहे असा माणूस लागतो, कारभारात त्याला खुर्ची लागते आणि त्या हक्काबरोबर राखणीचे कामही लागते. हक्क काढून घेतला की राखण सुटते. राखण सोडली की हक्क कागदावर उरतो.

आपल्या गावालाही गायरान आहे, मैदान आहे. उद्या सकाळी फिरायला जाल तेव्हा त्याचे सौंदर्य जरूर पाहा. पण त्याआधी एकदा तलाठ्याकडे जाऊन त्याचा सातबारा पाहा. नाव कोणाचे आहे आणि इतर हक्कांच्या रकान्यात आपण आहोत की नाही, तेवढे वाचा. विलिंगेलजवळ कुऱ्हाड होती. आपल्याला निदान चष्मा तरी लावता येईल.