मोटारगाडीची स्वहस्ते देखभाल व सुधारणा : सातारा व सांगली

मोटारगाडीची नित्य देखभाल व किरकोळ दुरुस्ती उत्पादकाच्या अधिकृत कर्मशाळेवर न सोपविता मालकाने स्वतः अथवा ओळखीच्या मेस्त्रीच्या साहाय्याने करणे, तसेच गाडीचा वेग, पकड व थांबण्याची क्षमता वाढविण्यासाठी तिच्या भागांत बदल करणे, यांचा समावेश या विषयात होतो. ‘हॉट हॅचबॅक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान पण शक्तिमान गाड्यांच्या संदर्भात हा छंद जगभर रूढ आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांत मात्र त्यास वेगळी पार्श्वभूमी लाभली आहे. खाजगी मोटारगाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात येण्याच्या कितीतरी आधी येथे लोखंडी नांगर, पंप व तेल-एंजिने तयार करणारे कारखाने निघाले. यंत्र उघडून पाहण्याची आणि झिजलेला भाग बदलून ते पुन्हा चालू करण्याची सवय येथील माणसाला शेतीच्या अवजारांवर लागली व पुढे तीच स्कूटर आणि मोटारगाडी यांच्याकडे वळली. ही परंपरा आणि वाहनातील बदलांना मर्यादा घालणारा कायदा यांचा मेळ कसा घालावयाचा, हा या विषयातील आजचा मुख्य प्रश्न आहे.

हॉट हॅचबॅक : मागील बाजूस वर उघडणारे दार असलेल्या लहान गाडीस हॅचबॅक म्हणतात. अशाच साध्या गाडीत अधिक शक्तीचे एंजिन, कठीण स्प्रिंगा व चांगले ब्रेक बसविले की हॉट हॅचबॅक तयार होते. गाडीचे वजन कमी असल्याने थोड्या जादा शक्तीनेही तिच्या वेगात मोठा फरक पडतो, हे तिचे मूळ तत्त्व होय. १९६१ साली इंग्लंडमध्ये निघालेली मिनी कूपर ही रूढ अर्थाने हॅचबॅक नसली, तरी या प्रकाराची पूर्वसूरी मानली जाते. (तिच्या नावातील जॉन कूपर यांचा साताऱ्याच्या कूपर घराण्याशी संबंध नाही.) १९७५ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात मांडलेली व १९७६ मध्ये विक्रीस आलेली जर्मनीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय ही गाडी या वर्गाचा आदर्श ठरली. तिचे १.६ लिटरचे एंजिन ११० अश्वशक्ती देई. कंपनीतील काही मोजक्या अभियंत्यांनी अधिकृत योजनेबाहेर, हौसेने तिचे काम सुरू केले होते आणि आरंभी केवळ ५,००० गाड्या बनविण्याचा बेत होता. म्हणजेच या प्रकाराचा उगमही काही अंशी हौशी कारागिरीतच आहे.

पूर्वपीठिका : सातारा-सांगली भागातील यंत्रपरंपरेचा आरंभ ⇨लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांच्यापासून होतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असताना त्यांनी व त्यांचे बंधू रामचंद्र यांनी बेळगाव येथे सायकलींचा व्यवसाय आरंभिला. त्यातून पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर यांचे उत्पादन सुरू झाले. १९१० मध्ये औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ ⇨किर्लोस्करवाडी वसविण्यात आली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशा समजुतीमुळे आरंभी शेतकरी हा नांगर घेण्यास तयार नव्हते. तो रुळल्यावर मात्र शेतकऱ्याच्या व्यवहारात एक नवी गोष्ट आली. लाकडी नांगर गावचा सुतार त्या त्या शेतकऱ्यासाठी घडवी. प्रत्येक नांगर निराळा असे. कारखान्यातील नांगराचे भाग ठरावीक मापाचे असल्याने झिजलेला फाळ काढून त्याच मापाचा नवा फाळ बसविता येऊ लागला. सुट्या भागांची ही कल्पना आजच्या वाहनदुरुस्तीचाही पाया आहे.

सातारा येथे धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातही लोखंडी नांगर तयार होत. १९३० नंतरच्या दशकात या उद्योगाने डीझेल एंजिनांच्या निर्मितीत पाऊल टाकले. धनजीशा कूपर हे १९३७ मध्ये अल्पकाळ मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. सातारा रोड येथील त्यांचा कारखाना पुढे वालचंद उद्योगसमूहाकडे गेला. याच समूहाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन करून मुंबईतील कुर्ला येथे मोटारगाड्यांचा कारखाना उभारला. नांगर, पाणी उपसण्याचे एंजिन व मोटारगाडी या तीन गोष्टी अशा रीतीने एका पिढीत एकमेकींच्या जवळ आल्या.

विहिरीवरील तेल-एंजिन हे या भागातील शेतकऱ्याचे पहिले अंतर्ज्वलन एंजिन होय. ऐन उन्हाळ्यात ते बंद पडले की ऊस व भाजीपाला वाळून जाण्याचा धोका असे. दूरच्या फिटरची वाट पाहणे परवडत नसे. त्यामुळे इंधनातील हवा काढणे, गाळणी धुणे, झडपांमधील अंतर लावणे, पिस्टनची कडी बदलणे ही कामे घरातील एखादा तरी माणूस शिकून घेई. गावचा लोहार वेल्डिंग व बाजारपेठेतील लेथवाला मापाचे खराद काम करून देई. ऊस वाहतुकीसाठी बैलगाडीस जुन्या मोटारींची रबरी चाके जोडणे, हेही याच कारागिरीचे फलित होय.

तंत्रशिक्षण व स्कूटर : १९४७ मध्ये सांगली येथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, १९५५ मध्ये त्यास वालचंद हिराचंद यांचे नाव देण्यात आले. कराड येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झाले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून फिटर, टर्नर, डीझेल मेकॅनिक आणि मोटार मेकॅनिक असे प्रशिक्षित कारागीर बाहेर पडू लागले. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. तथापि कारखानदारी व कारागीर यांच्या दृष्टीने हे दोन्ही जिल्हे एकच पट्टा राहिले.

पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ व बजाज ऑटो यांच्या सहकार्याने १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या सातारा येथील कारखान्यात ‘प्रिया’ ही स्कूटर तयार होई. पेट्रोलमध्ये योग्य प्रमाणात ऑइल मिसळणे, स्पार्क प्लगवरील काजळी खरवडणे, कार्बोरेटरची जेट फुंकून साफ करणे, क्लचची तार ओढून घेणे या गोष्टी स्कूटरच्या मालकाला याव्याच लागत. दोन आघाती एंजिनाची रचना साधी असल्याने चार पाने व एक पेचकस एवढ्यावर बहुतेक कामे होत. गिअरच्या स्कूटरींचे उत्पादन २००६ च्या सुमारास बंद झाले. पण तोवर यंत्राविषयीची भीती मध्यमवर्गीय कुटुंबांतूनही गेली होती.

लहान मोटारगाड्यांचे आगमन : डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही ७९६ घ.सेंमी.च्या तीन सिलिंडरांची हॅचबॅक बाजारात आली व लहान शहरांतील कुटुंबेही मोटारगाडी घेऊ लागली. कार्बोरेटर असलेल्या या गाडीची बरीचशी दुरुस्ती घरी करता येई. शक्तिमान हॅचबॅक भारतात त्यानंतर आल्या. २००१ मध्ये फियाट पॅलिओ ही गाडी १.६ लिटरच्या, सुमारे १०० अश्वशक्तीच्या एंजिनासहही मिळू लागली. २०१३ मध्ये फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही १.२ लिटरची, टर्बोचार्जरयुक्त १०५ अश्वशक्तीची गाडी आली. ती पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होई. २०१५ मध्ये आलेली अबार्थ पुंटो १.४ लिटरच्या एंजिनातून १४५ अश्वशक्ती देई. या गाड्यांची विक्री आता थांबली असल्याने त्यांचे हौशी मालक त्या जपून ठेवतात व सुटे भाग मिळविण्यासाठी पुणे, मुंबई व परराज्यांतील बाजारांशी संपर्क ठेवतात. गाडी जुनी होते व अधिकृत कर्मशाळेतील खर्च वाढतो, तसतशी स्वहस्ते देखभालीची गरजही वाढते.

देखभाल : या भागातील रस्ते गाडीची कठोर परीक्षा घेतात. पुणे–बंगळूर महामार्गावरील खंबाटकी घाट, वाई–पाचगणी मार्गावरील पसरणी घाट व कराड–चिपळूण मार्गावरील कुंभार्ली घाट येथे सतत चढ-उतार व वळणे असतात. उताराला ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालविल्यास ब्रेक तापतात. ब्रेकचे तेल हवेतील आर्द्रता शोषून घेते. त्यात पाणी मुरले की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, तापलेल्या ब्रेकमध्ये वाफ होते आणि पायाखालचा पेडल मऊ पडतो. म्हणून साधारणतः दर दोन वर्षांनी हे तेल बदलावे, असा संकेत आहे. उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवून एंजिनाचाच रोध वापरणे, हा त्यावरील जुना व खात्रीचा उपाय होय.

टर्बोचार्जर एंजिनातील निष्कास वायूच्या दाबाने फिरतो. त्याची गती मिनिटास लाखाहून अधिक फेऱ्यांपर्यंत जाऊ शकते. त्याच्या धुऱ्याला एंजिनातील ऑइलचाच आधार असतो. म्हणून ऑइल ठरलेल्या प्रतीचेच वापरणे व ते वेळेवर बदलणे अशा गाडीत विशेष महत्त्वाचे ठरते. मोठा घाट चढून आल्यावर एंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ संथ चालू ठेवावे लागते. अन्यथा तापलेल्या धुऱ्यातील ऑइल करपते. माण, खटाव, जत, आटपाडी अशा कोरड्या तालुक्यांतील धुळीमुळे हवेची गाळणी लवकर भरते. हवेची गाळणी, स्पार्क प्लग, ऑइल, शीतक द्रव व ब्रेकचे पॅड ही कामे माहितगार मालक स्वतः करू शकतो. टायमिंग बेल्ट बदलणे मात्र तसे नाही. पट्टा चुकीच्या स्थितीत बसला, तर पुष्कळ एंजिनांत झडपा व पिस्टन एकमेकांवर आदळून मोठी हानी होऊ शकते.

सुधारणा : आधुनिक एंजिनात इंधनाचे प्रमाण, ठिणगीची वेळ व टर्बोचा दाब यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक एककाकडे असते. त्यातील आज्ञावली बदलून तेच एंजिन अधिक शक्ती देऊ शकते. यास ‘रीमॅप’ म्हणतात. त्यामुळे वाढणारा ताण क्लच, गिअर व शीतन व्यवस्था यांवर पडतो. इंधन हलक्या प्रतीचे असल्यास सिलिंडरात अवेळी ज्वलन होऊन एंजिन ठोके देऊ लागते व पिस्टनला इजा होते. जाणकार कारागीर म्हणूनच आधी टायर, मग ब्रेक, नंतर स्प्रिंगा व सर्वांत शेवटी एंजिन, असा क्रम सांगतात. गाडी थांबविण्याची शक्ती वाढल्याखेरीज धावण्याची शक्ती वाढवू नये, हे त्यामागील तत्त्व आहे. गाडी खाली बसविण्याची हौसही येथे जपूनच करावी लागते, कारण गावोगावचे उंच गतिरोधक तिच्या पोटाला घासतात. गाळप हंगामात रात्री दिवे नसलेल्या उसाच्या बैलगाड्या व ट्रॉल्या रस्त्यावर असतात. तेथे वेगापेक्षा ब्रेक व पुढचे दिवे अधिक मोलाचे ठरतात.

कायदा व देवराष्ट्रे येथील वाहन : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. मूळ बनावटीचेच दुसरे एंजिन बसविणे किंवा मान्यताप्राप्त संच वापरून दुसऱ्या इंधनाची सोय करणे, अशा थोड्या बाबींना अटींसह मुभा आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ ग्राह्य धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाबद्दल ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. देखभालीस मात्र कायद्याची आडकाठी नाही. मूळ मापाचा भाग मालकाने बसविला काय किंवा कर्मशाळेने बसविला काय, गाडीचा तपशील बदलत नाही.

ही सीमारेषा सांगली जिल्ह्यातील एका घटनेने देशापुढे आली. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. तेथील एका लोहार कारागिराने आपल्या मुलासाठी जुन्या वाहनांचे भाग व भंगार जोडून सुमारे ६०,००० रुपये खर्चात एक लहान चारचाकी गाडी तयार केली. ती दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे चलच्चित्र सर्वत्र पसरले. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी त्या कल्पकतेची प्रशंसा केली. मात्र ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या तिला रस्त्यावर मज्जाव करतील, हेही त्यांनी निदर्शनास आणले. तिच्या मोबदल्यात नवी बोलेरो गाडी देण्याची त्यांची तयारी जानेवारी २०२२ मध्ये प्रत्यक्षात आली. कौशल्याचा गौरव झाला, पण ज्या वस्तूत ते कौशल्य प्रकटले ती रस्त्यावर राहू शकली नाही.

या घटनेचे दोन्ही अर्थ खरे आहेत. सार्वजनिक रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाचे ब्रेक, सुकाणू व सांगाडा यांची परीक्षा झालेली असणे हा इतर प्रवाशांचा हक्क आहे; कारागिराची हातोटी कितीही चांगली असली, तरी ती या परीक्षेस पर्याय होत नाही. दुसरीकडे, लहान कारागिराला आपल्या निर्मितीची अशी परीक्षा करून घेणे खर्चाच्या दृष्टीने अशक्यप्राय आहे. नांगराच्या काळात कारागीर व कारखानदार यांच्यात जे थोडेच अंतर होते, ते आता फार वाढले आहे.

सद्यःस्थिती : एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषण मानके लागू झाल्यावर गाडीतील संवेदक व नियंत्रक यांची संख्या वाढली. बिघाड कानाने ओळखण्याऐवजी दोषसंकेत वाचणारे उपकरण जोडून शोधावा लागतो. असे उपकरण स्वस्तात मिळत असल्याने हौशी मालकाला काही अंशी नवे साधनही लाभले आहे. तथापि आज्ञावलीचे कुलूप उत्पादकाकडे असल्याने पुष्कळ भाग बसवूनही अधिकृत जोडणीवाचून चालू होत नाहीत. सातारा, कराड व सांगली–मिरज येथील गॅरेजांत आज पाना व संकेतवाचक ही दोन्ही हत्यारे शेजारी शेजारी दिसतात. आपल्या यंत्राचा झिजलेला भाग आपण बदलू शकतो, हा विश्वास या भागाला लोखंडी नांगराने दिला होता. तो टिकणे हे येथून पुढे कारागिराच्या हाताइतकेच दुरुस्तीची माहिती व सुटे भाग मालकास खुले राहण्यावर अवलंबून राहील.