चांद्याची तसवीर कुणी काढली?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. इतिहास हा आमचा विषय. पण लहान शाळेत एका शिक्षकाच्या वाट्याला अनेक विषय येतात, तसा चित्रकलेचा तासही आमच्याकडे आला. पहिल्याच तासाला आम्ही फळ्यावर लिहिले : 'देखावा'. अर्ध्या तासाने वह्या गोळा केल्या तर जवळजवळ सगळ्या वह्यांवर एकच चित्र. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, काठावर झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचे झाड.

चंद्रपूरच्या मुलाने नारळाचे झाड पाहिलेले असते ते बहुधा कॅलेंडरवर. त्याच्या डोळ्यांसमोर रोज उभे असते ते वेगळेच. गोंड राजांचा दगडी परकोट, जटपुरा आणि पठाणपुरा दरवाजे, इरई आणि झरपटचे पात्र, दूरवर औष्णिक वीज केंद्राची धुराडी, कोळशाची धूळ आणि शहर संपले की सुरू होणारे सागाचे जंगल. यांपैकी एकही गोष्ट कुणाच्या वहीत नव्हती. आपल्या गावाचेही चित्र होऊ शकते, हे या मुलांना कुणी सांगितलेलेच नव्हते.

त्याच आठवड्यात एका मुलीचे वडील शाळेत आले. मेहनतीने संसार चालवणारा, नमाजी माणूस. म्हणाले, "सर, पोरीला शिकवा, जेवढं शिकवता येईल तेवढं शिकवा. पण तसवीर काढायला लावू नका. गुनाह आहे ना तो?" या प्रश्नात उद्धटपणा नव्हता, काळजी होती. त्यांना उडवाउडवीचे उत्तर देणे आम्हाला जमले नाही. शिवाय प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. आपल्या अनेक घरांत तो विचारला जातो. म्हणून आम्ही इतिहासाची पाने उलटली. त्यातून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही मौलवी नाही, फतवा देणे हे आमचे काम नाही. परंतु हदीसच्या ग्रंथांत नोंदलेला एक प्रसंग सर्वांना वाचता येतो. तसवीर काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्न अब्बास (रजि.) यांच्याकडे आला आणि आपण काय करावे असे विचारू लागला. सजीवांच्या चित्रांबद्दलचा इशारा त्यांनी त्याला ऐकवला. आणि चित्र काढल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर झाडे काढ, ज्यांत जीव नाही अशा वस्तू काढ, असा मार्गही दाखवला. म्हणजे सजीवांच्या चित्राबद्दल आलिमांमध्ये कितीही चर्चा असो, झाड, डोंगर, नदी आणि इमारत यांचा दरवाजा आरंभापासूनच उघडा होता.

त्या दरवाजातून मुसलमान कारागीर आत शिरले, याचा पुरावा दमास्कसमध्ये उभा आहे. उमय्या खलिफा वलीद यांच्या काळात, आठव्या शतकाच्या प्रारंभी, तेथे जामा मशीद बांधली गेली. तिच्या भिंतींवर रंगीत आणि सोनेरी काचतुकड्यांची नक्षी आहे. त्यात नदी आहे, मोठमोठी झाडे आहेत, महाल आणि घरे आहेत. माणूस किंवा जनावर मात्र नाही. देखाव्याचे चित्र आणि तेही मशिदीत! हे आम्ही त्या पालकांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले.

दुसरे उदाहरण प्रवासाचे आहे. सोळाव्या शतकात उस्मानी सुलतान सुलेमान याच्या पदरी मत्राकची नसूह नावाचा एक विलक्षण माणूस होता. मूळचा बोस्नियाचा. गणिती, तलवारबाज, इतिहासकार आणि चित्रकार. सुलतान १५३३ ते १५३६ या काळात इराण-इराकच्या मोहिमेवर गेला, तेव्हा नसूह त्याच्याबरोबर होता. फौज जेथे मुक्काम करी, त्या त्या ठिकाणाचे चित्र त्याच्या ग्रंथात उतरले. इस्तंबूल, तबरेज, बगदाद अशी शहरे, तट, बुरूज, पूल, मशिदी, खजुरीची झाडे. अशी शंभराहून अधिक चित्रे त्या ग्रंथात आहेत. एवढ्या मोठ्या लष्करी मोहिमेचे वर्णन, पण चित्रांत ना सुलतान, ना शिपाई. केवळ मुलूख आणि इमारती. त्या काळातील बगदाद कसे दिसत होते हे जाणून घ्यायचे, तर आजही अभ्यासकांना नसूहच्या पानांकडे जावे लागते. युद्ध संपले, सुलतान गेला, चित्र राहिले.

आता आपल्या चांद्याकडे येऊ. फारसी ग्रंथांत चांद्याचा उल्लेख आहे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त येथील गोंड राजा बाबाजी बल्लाळशहाचे नाव येते. त्याच्यापाशी एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याची नोंद आहे. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचाही उल्लेख आहे. गंमत अशी, की याच ग्रंथात चित्रकलेविषयी अकबराचे मतही नोंदले आहे. चित्रकार अवयव हुबेहूब काढतो, पण त्यात प्राण घालू शकत नाही. तेव्हा प्राण देणाऱ्याची त्याला आठवण होतेच, असा त्याचा आशय. एकाच किताबात चांदाही आहे आणि तसवीरही आहे, पण चांद्याची तसवीर नाही. चांदा अकबराच्या दरबारी चितारखान्यापासून फार दूर होता.

पुढे विलायतेहून चित्रकार येऊ लागले. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ मध्ये कलकत्त्यास उतरले. कधी होडीने, कधी पालखीने ते गंगेच्या काठाने वर गेले, नंतर दक्षिणेत हिंडले, शेवटी मुंबईला आले. उन्हात बसून त्यांनी ताजमहाल काढला, देवळे काढली, घाट काढले. लंडनला परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी एकशे चव्वेचाळीस चित्रे छापून काढली. इंग्लंडातील घराघरांत हिंदुस्थान दिसला तो त्यांच्या डोळ्यांनी. परंतु त्यांची वाट नद्यांची, बंदरांची आणि कंपनीच्या छावण्यांची. वर्धा नदीच्या खोऱ्यातले भोसल्यांच्या अमलाखालील चांदा त्या वाटेवर नव्हते. इंग्रज येथे आले ते मे १८१८ मध्ये, भर उन्हाळ्यात. त्यांच्याबरोबर रंगपेटी नव्हती, तोफा होत्या. त्या तोफांनी परकोटाला खिंडार पाडले आणि किल्ला घेतला.

१८७३ च्या अखेरीस एडवर्ड लियर हा इंग्रज चित्रकार मुंबईत उतरला. वय साठीच्या पुढे, प्रकृती नाजूक; तरी वर्षभराहून अधिक काळ तो हिंदुस्थानभर जलरंगात देखावे टिपीत फिरला. नेमक्या त्याच सुमारास पुरातत्त्व खात्याचा प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम आपल्या भागात होता. वैनगंगेच्या काठावरील मार्कंडा येथील देवळांचे त्याने मोजमाप केले, आराखडे काढले, अहवाल लिहिला. लियर रंगवीत होता आणि कनिंगहॅम मोजीत होता. आपल्या वाट्याला मोजणारा आला. त्याचे उपकार आहेतच. त्याच्या आराखड्यांवाचून मार्कंड्याचा अभ्यास पुढे सरकला नसता. पण देवळाची लांबी-रुंदी कळणे वेगळे आणि संध्याकाळी वैनगंगेच्या वाळूवरून ते देऊळ कसे दिसते हे कळणे वेगळे. लांबी-रुंदी फीत सांगते. दुसरी गोष्ट सांगायला उन्हात बसलेला माणूस लागतो.

असे उन्हात बसणारे आपल्यात नव्हते काय? होते. कोल्हापूरचे आबालाल रहिमान घ्या. कुराणाच्या हस्तलिखित प्रती नक्षीने सजवणारे त्यांचे घराणे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले, राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. पण त्यांचा जीव रमला तो कोल्हापूरच्या कोटितीर्थ तळ्याच्या काठी. एकच तळे त्यांनी वेगवेगळ्या प्रहरी, वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवले. १९३१ मध्ये ते वारले. मराठी मुलखातील निसर्गचित्रकारांचे नाव घेताना आजही आरंभ या फकिरी वृत्तीच्या मुसलमानापासून करावा लागतो.

आणि आपल्या जंगलाच्या अगदी शेजारचे सय्यद हैदर रझा. १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यातील बाबरिया या गावी त्यांचा जन्म झाला. वडील जंगल खात्यात नोकरीला. मंडला म्हणजे गोंडांचाच मुलूख. तेव्हा तो आणि आपला चांदा एकाच मध्य प्रांतात होते. लहानपणी रात्रीच्या जंगलाची वाटणारी भीती आणि गोंडांच्या नाचाची आठवण त्यांनी म्हातारपणापर्यंत जपली. शाळेत या मुलाचे चित्त ठरत नसे, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितले. पुढे जगप्रसिद्ध झालेला रझांचा 'बिंदू' तो हाच. शिक्षक म्हणून ही हकिकत वाचताना आमचा ऊर भरून येतो आणि थोडी भीतीही वाटते. आपण फळ्यावर काय काढतो याला एवढे मोल असते!

रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, काही काळ गोंदियाला ड्रॉइंग मास्तर होते, मग मुंबईला गेले. मुंबईत त्यांनी रस्ते, इमारती आणि पावसातले शहर जलरंगात रंगवले. १९४८ मध्ये ते काश्मीरला जाऊन चित्रे काढीत होते. तेथे फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांना सांगितले, की चित्रांत रंग आहे, पण बांधणी कमी पडते. हे बोल मनावर घेऊन रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले. फाळणीनंतर घरची बहुतेक माणसे पाकिस्तानात गेली होती. रझांनी मात्र परदेशात साठ वर्षे राहूनही हिंदुस्थानचे नागरिकत्व सोडले नाही. २०१६ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचा दफनविधी झाला. जंगलातून निघालेला माणूस अखेर त्याच मातीत परतला.

हे सगळे वाचून झाल्यावर वर्गात बसवेना. त्या मुलीच्या वडिलांना आम्ही विचारले, "इमारत काढली तर चालेल?" ते म्हणाले, "इमारतीला काय हरकत आहे?" फेब्रुवारीच्या एका सकाळी आम्ही मुलांना घेऊन पठाणपुरा दरवाजापाशी गेलो. मे महिन्यात येथे दगडावर हात ठेववत नाही, म्हणून फेब्रुवारी. तरी दहा वाजता ऊन तापलेच. कागदावर रंग पसरण्याआधी वाळू लागला, ब्रश ताठ होऊ लागले. मग मुलांनी स्वतःच युक्ती काढली : कागद आधी ओला करायचा, रंग पातळ ठेवायचा आणि सावली जिकडे सरकेल तिकडे आपणही सरकायचे. कोणत्याही पुस्तकातून हे आम्ही शिकवू शकलो नसतो.

सुमारे अकरा किलोमीटरचा हा परकोट मुले जन्मापासून पाहत होती. त्या दिवशी त्यांनी तो प्रथमच निरखला. कोणता दगड नव्याने बसवला आहे, कोठे पिंपळाचे मूळ शिरले आहे, कोठे घराची भिंत परकोटाला टेकवली आहे, हे त्यांना दिसू लागले. एका मुलाने दरवाजाच्या मागे धुराडी आणि धूरही काढला. आम्ही विचारले तर म्हणाला, "सर, रोज हेच दिसते ना?"

परतताना आम्ही राणी हिराईने बांधलेली बीरशहाची समाधीही पाहिली. शहाजहानने बेगमेसाठी ताज बांधला हे पुस्तकात आहे. एका गोंड राणीने पतीसाठी घुमटाची ही इमारत उभी केली, हे आमच्या मुलांना ठाऊक नव्हते. तिचा घुमट पाहून अनेकांना ती आपल्याकडच्या मकबऱ्यासारखी वाटली. दोन परंपरा एकमेकींच्या किती जवळ राहत होत्या, हे सांगायला आम्हाला भाषण करावे लागले नाही.

एक प्रसंग मात्र अजून मनात घोळतो आहे. चंद्रपूरच्या दरवाजांवर गोंड राजांचे चिन्ह कोरलेले आहे : हत्तीला दाबून धरणारा सिंह. त्या नमाजी बापाच्या मुलीने कमान काढली, बुरूज काढले, आणि चिन्हाची जागा मोकळी ठेवून ती आमच्याकडे आली. "सर, हा सिंह काढू का? तो जिवंत नाही, दगड आहे. पण आहे तर सिंहच." आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो, "बेटा, घरी अब्बांना चित्र दाखव, त्यांना विचार." दुसऱ्या दिवशी तिने वही आणली. सिंहाच्या जागी फक्त दगडाची चौकट होती आणि तिच्या खाली तिच्या अब्बांच्या अक्षरात उर्दूत लिहिले होते : 'येथे शेर आणि हत्ती कोरलेले आहेत.'

ते चित्र आम्ही जपून ठेवले आहे. बापाने आपली श्रद्धा सोडली नाही, मुलीने आपले चित्र सोडले नाही आणि चांद्याच्या दरवाजाची नोंदही अपुरी राहिली नाही. नसूहला हे पान आवडले असते, असे आम्हाला वाटते.

परकोटाचे दगड वर्षावर्षाला ढासळतात. काही वर्षांपूर्वी, २०१७ मध्ये, गावातल्या तरुणांनी श्रमदानाने त्यावरची झाडेझुडपे काढली, तेव्हा कुठे बुरूज पुन्हा दिसू लागले. मार्कंड्याच्या मुख्य देवळाचे शिखर विजेने पाडले, असे लोक सांगतात. जे उरले आहे ते काढून ठेवायला आता कोणी डॅनियल किंवा लियर येणार नाही, आणि त्याची वाट पाहण्याचे कारणही नाही. आपल्या गावात परकोट नसेल तर जुनी मशीद असेल, दर्गा असेल, वाडा असेल, विहीर असेल. वाचकहो, सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलांना तेथे घेऊन जा. पाण्याची बाटली आणि रंगपेटी बरोबर असू द्या. आमच्या वर्गात आता 'देखावा' म्हटले, की नारळाचे झाड कुणी काढत नाही.