मास्तरीण कशी घडते

स्मरणिकेसाठी "दोन पाने तुम्हीही लिहा" असा अध्यक्षीणबाईंचा निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. एखादी पाककृती लिहून देईन, लेख कसला लिहिणार? पण गेले वर्षभर आमच्या घरात एकच विषय चालला आहे. माझी थोरली मुलगी जीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि आता माध्यमिक शाळेत शिक्षिका होण्यासाठी बी.एड. करते आहे. तिच्या पुस्तकांतून आणि घरच्या वडीलधाऱ्यांकडून जे कळले, तेच चार शब्दांत भगिनींपुढे ठेवते.

सुरुवात झाली ती सासूबाईंच्या एका वाक्याने. "आमची आई फायनल पास होती, मास्तरीण झाली असती." फायनल म्हणजे काय, मला ठाऊक नव्हते. तर ती मराठी सातवीची परीक्षा! त्या काळी एवढ्या शिकवणीवर ट्रेनिंग घेऊन प्राथमिक शाळेत शिकवता येत असे. मी मनात म्हटले, मग सातवी तर मीही आहे की! मुलगी हसली आणि म्हणाली, "आई, तू साठ वर्षे उशिरा जन्मलीस."

ही वाट कोठून सुरू झाली, ते तिने सांगितले. १८४८ साली पुण्यास भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, हे आपण सर्वजणी जाणतो. पण सावित्रीबाईंनी त्या कामासाठी शिक्षिकेचे रीतसर शिक्षणही घेतले होते, हे मला नवीन होते. अहमदनगरला मिस फरार आणि पुण्याच्या नॉर्मल स्कुलात मिसेस मिचेल यांच्याकडे त्या शिकल्या. म्हणजे आपल्याकडची पहिली मास्तरीण ही आधी विद्यार्थिनी होती, आणि तीही लग्न झालेली, संसारी.

पुढे मेरी कार्पेंटर नावाच्या बाई १८६६ साली विलायतेहून आल्या. मुलींच्या शाळा चालवायच्या तर शिकलेल्या स्त्रिया हव्यात, हे त्यांनी सरकारला पटवले. १८७० साली पुण्यात फीमेल ट्रेनिंग कॉलेज उघडले. तेथे मास्तरांच्या बायका आणि विधवा शिकायला येत. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन काढले, तेही प्रौढ स्त्रियांना शिकवून पायावर उभे करण्यासाठी. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. हेच आपले श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ. त्याचे एक आवार येथून जवळच, जुहूला आहे.

माध्यमिक शाळेच्या शिक्षकांची गोष्ट मात्र निराळी. त्यांच्यासाठी मुंबईत १९०६ साली सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले. तेथे पदवी घेतलेलेच जात. आधी बी.टी., मग बी.एड. अशी तिची नावे. अशा जागी बायका पोचायला वेळ लागला, कारण आधी मॅट्रिक, मग कॉलेज, मग हे, एवढ्या पायऱ्या चढायच्या कोणी? आणि शास्त्र विषय घेऊन चढणाऱ्या तर आणखी थोड्या. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ या काळात विचार करून पहिली दहा वर्षे सर्वांना विज्ञान शिकवावे असे सुचवले. आपल्याकडे दहावीची नवी परीक्षा १९७५ साली सुरू झाली. विज्ञान मुलामुलींना सारखेच आले आणि ते शिकवणारेही हवेसे झाले. आज दहावीला विज्ञानाची दोन पुस्तके असतात. त्यांतल्या दुसऱ्यात आनुवंशिकता, उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रिया, असे जीवशास्त्रच मुख्यतः भरलेले आहे.

बी.एड. पूर्वी एका वर्षाचे होते, २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. मला वाटे, बी.एस्सी. झालेल्या मुलीला आणखी दोन वर्षे कशाला? उत्तर मला माझ्याच ओट्यावर मिळाले.

तिला आठवीच्या मुलींपुढे माशाच्या श्वसनावर सरावपाठ घ्यायचा होता. रात्री जागून तिने पाठ टाचण लिहिले, कार्डशीटवर आकृती काढली. पाठ झाल्यावर बाईंनी शेरा दिला, "सगळे तुम्हीच सांगितलेत, मुलींना काय विचारलेत?" बिचारी रडवेली होऊन घरी आली. मी तेव्हा बांगडे साफ करत होते. कल्ल्याचे झाकण उचलून तिला म्हटले, "हे बघ, लालभडक म्हणजे ताजा. मळकट झाला की घेऊ नये." ती एकदम थांबली. लाल का, ते तिने मला समजावले. कल्ल्यांच्या पातळ पाळ्यांत रक्त खेळते आणि पाण्यातला प्राणवायू तेथूनच आत जातो. मी इतकी वर्षे मासे निवडले, पण हे ठाऊक नव्हते. आणि तिला एवढे ठाऊक असून ते कोठून सुरू करावे, हे उमगत नव्हते.

पुढच्या पाठाला तिने पहिलाच प्रश्न टाकला, "तुमची आई ताजा मासा कसा ओळखते?" वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या मुलींचे हात आधी वर गेले. ज्यांच्या घरी मासे शिजत नाहीत, त्यांच्यासाठी आकृती होतीच. १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आपल्याच वर्सोव्यात आहे, हेही तिने सांगितले. एक मुलगी म्हणाली, "तिथे मुली शिकतात का?" बाई हसल्या, आणि या वेळी शेरा चांगला मिळाला.

माहीत असणे निराळे आणि शिकवता येणे निराळे. हा फरक शिकण्यासाठीच हे ट्रेनिंग.

माझ्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. हायस्कूल खाडीपलीकडे, तरीतून जावे लागे. वडील म्हणाले, पोरीला रोज पाण्यातून कोण सोडणार? कोणाला दोष देत नाही, पण आठवीच्या पुस्तकाचे कव्हर मी घालून ठेवले होते, ते अजून डोळ्यांपुढे येते. मुलगी म्हणते, सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी बसून दहावीला बसता येते. आपल्या मंडळातल्या आणखी दोघी तयार आहेत. विज्ञानाचे दुसरे पुस्तक शिकवायला बाई घरातच आहेत. तेव्हा ज्या भगिनींना यायचे असेल, त्यांनी शुक्रवारी दुपारी भांडी आवरली की आमच्याकडे यावे. चहा माझ्याकडे.