जामीन आणि दहशतवादविरोधी कायदा

'टाडा' १९९५ मध्ये संपुष्टात आला, 'पोटा' २००४ मध्ये रद्द झाला. जामिनावरील निर्बंध मात्र टिकून राहिले. मुंबईवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात कलम ४३-डी आले. त्यान्वये आरोपपत्राची मुदत ९० वरून १८० दिवसांपर्यंत वाढविता येते. तसेच तपासाची कागदपत्रे पाहून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटल्यास न्यायालयास जामीन देता येत नाही. शब्दरचना 'टाडा'हून सौम्य दिसते. तेथे आरोपी निर्दोष असल्याचे न्यायालयाला वाटावे लागे. परंतु जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची बारकाईने छाननी करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वटाली प्रकरणात सांगितले आणि हा सौम्यपणा नावापुरताच उरला. उलटतपासणी न झालेल्या पुराव्याच्या बळावर आरोपी वर्षानुवर्षे तुरुंगात राहू शकतो.

नजीब प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने वाट काढली. आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे राहिले होते. खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसेल, तर घटनेच्या अनुच्छेद २१ पुढे हे कलम आड येत नाही, असा तो निर्णय. अर्थात, ही वाट खुली होते ती बरीच वर्षे गेल्यावर. एल्गार परिषद प्रकरणातील आरोपी स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, मुंबईतील रुग्णालयात मरण पावले. त्यांचा जामीन अर्ज तेव्हा उच्च न्यायालयात प्रलंबित होता; खटला सुरूही झाला नव्हता.