मृतसंजीवनी सुरा

वारंगा फाट्यावर एसटीतून उतरा. एक रस्ता नांदेडला, एक हिंगोलीला. नागपूर-तुळजापूर महामार्गही इथूनच गेलाय. खिचडीच्या गाड्याभोवती गर्दी आहे. तुमच्या खिशात औषधाची छोटी बाटली आहे, मृतसंजीवनी सुरा. बूच काढा, वास घ्या.

डांबर गेलं. निजामाचा अंमल आहे, मुलखात पटकीची साथ आहे आणि तुम्ही एका वैद्याच्या परसात उभे आहात. रांजणात जुना गूळ आणि बाभळीची साल कितीतरी दिवस आंबत पडलीय. तुमचा हात झाकणाकडे जातो, तोच वैद्यबुवा दटावतात, "हां हां, वारं लागू देऊ नका!" सुपारी, लवंग, जायफळ पडून झालंय. आता अर्क काढायचं मयूरयंत्र चुलीवर चढतं. आच मंद, नळीवर ओलं फडकं. पहिला थेंब यायला फार वेळ लागतो. येतो तो पाण्यासारखा नितळ. जिभेला लागताच कानशिलं तापतात. 'भैषज्यरत्नावली' या वैद्यकग्रंथातला हा पाठ सन्निपात ज्वरात आणि पटकीत हातपाय गार पडलेल्या रोग्यासाठी आहे. बुवा औषध थेंबांनी मोजून देतात.

नावाचं मूळ पाहायचं तर आणखी मागे चला. नांदेडहून गोदावरी धरा आणि प्रवाहाच्या उलट निघा. वाटेत 1913 साल लागेल. किर्लोस्कर नाटक मंडळी खाडिलकरांचं 'विद्याहरण' रंगवत असेल. मद्यापायी विद्या गमावलेल्या शुक्राचार्यांचंच ते नाटक. पण थांबू नका.

कोपरगावचं बेट. आचार्यांचा आश्रम इथेच होता, असं लोक मानतात. दैत्यांनी त्यांच्या शिष्याला, देवांकडून आलेल्या कचाला, जाळून त्याची राख सुरेत कालवलीय. पेला आचार्यांच्या हातात आहे आणि तुम्ही हातभर अंतरावर. ओरडून सांगावंसं वाटतं, पण आवाज फुटत नाही. ते पितात. त्यांची मुलगी देवयानी रडत येते, ते कचाला हाक मारतात आणि ओ येते ती त्यांच्याच पोटातून. आता एकच वाट उरलीय. पोटातल्या शिष्याला संजीवनी शिकवायची, त्याने पोट फाडून बाहेर यायचं आणि मग गुरूला उठवायचं. असुरांनी जिवापाड जपलेली विद्या एका पेल्यापायी देवांच्या हाती गेली. शुद्धीवर आलेले आचार्य तिथल्या तिथे मद्यपानाला शाप देतात.

जिच्यापायी संजीवनी गेली, त्या सुरेलाच वैद्यांनी तिचं नाव दिलं. मला ते धाडसाचं आणि जाणतेपणाचं वाटतं. पारा, बचनाग, धोतरा शुद्ध करून औषधात आणणारी ही माणसं. मात्रा चुकली की काय होतं, ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आपल्या औषध-नियमांनीही या सुरेतला मद्यार्क 16 टक्क्यांवर आणि बाटली 30 मिलीलीटरवर बांधून ठेवलीय. तीसुद्धा वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नका.